घटक ५ : विक्षिप्त विज्ञानचित्रपटांचे आकर्षण – साधनांची टंचाई आणि प्रेक्षकाची कल्पना

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• ‘बी’ चित्रपट व प्रकारसंकर या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• अल्प खर्चात तयार झालेल्या चमत्कारिक विज्ञानचित्रपटांच्या आकर्षणाची कारणे सांगता येतील.
• रंगभूमीवरील संकेत आणि चित्रपटातील संकेत यांतील फरक विशद करता येईल.
• साधनांची उणीव आणि कलाकृतीची उणीव यांत भेद करून एखाद्या चित्रपटाचे मूल्यमापन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानकथेच्या लेखकाला परग्रहावरील नगरी उभी करण्यासाठी एखादे वाक्य पुरते. चित्रपटकाराला मात्र तीच नगरी बांधावी लागते, रंगवावी लागते, प्रकाशात आणावी लागते. त्यामुळे विज्ञानचित्रपट हा खर्चाशी जखडलेला प्रकार आहे, असा सर्वसाधारण समज आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटाला एक कोटी डॉलरहून अधिक खर्च आला होता, हे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते.

तथापि, याच प्रकारात एक दुसरी धारा अखंड वाहत आली आहे. तिच्यातील यान पुठ्ठ्याचे असते, परग्रहवासीयाच्या पोशाखाची शिवण दिसते, कथा भयपटासारखी सुरू होऊन प्रहसनाच्या वाटेला लागते. तरीही पन्नास-साठ वर्षांनंतर हे चित्रपट आवडीने पाहिले जातात. असे का घडते?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. ‘लोक ते टिंगल करण्यासाठी पाहतात’ हे पहिले आणि ‘पैशाने न बिघडलेली खरी कला तिथेच असते’ हे दुसरे. पहिल्या उत्तरात कलाकृतीचा विचारच होत नाही. दुसऱ्यात गरिबीलाच गुण मानले जाते. प्रस्तुत घटकात आपण या दोहोंपलीकडचा एक निकष शोधणार आहोत.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ ‘बी’ चित्रपटाची पार्श्वभूमी

१९३० नंतरच्या दशकात, आर्थिक मंदीच्या काळात, अमेरिकेतील चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. त्यांतील मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवला जाणारा कमी खर्चाचा चित्रपट म्हणजे ‘बी’ चित्रपट होय. पुढे ही पद्धत मागे पडली, तरी स्वस्त चित्रपटांना नवा प्रेक्षक मिळाला. १९५० नंतर मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची मोकळ्या मैदानावरील चित्रपटगृहे वाढली. तेथील तरुण प्रेक्षकांसाठी राक्षस, उडत्या तबकड्या आणि अणुस्फोट यांच्या कथा झपाट्याने तयार होऊ लागल्या. रॉजर कॉर्मन यांनी ‘द लिट्ल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) या माणसे खाणाऱ्या वनस्पतीवरील विनोदी भयपटाचे बहुतेक चित्रीकरण, आधीच उभ्या असलेल्या नेपथ्याचा उपयोग करून, दोन दिवसांत उरकले होते.

या चित्रपटांना काळाची पार्श्वभूमीही होती. सुझन सोन्टॅग यांनी १९६५ मधील आपल्या एका निबंधात असे प्रतिपादन केले, की विज्ञानचित्रपटांचा खरा विषय विज्ञान नसून विनाश हा आहे. अणुयुद्धाची धास्ती बाळगून जगणाऱ्या समाजाने आपले भय या कथांत ओतले होते. पोशाख हास्यास्पद असला, तरी त्यामागील भय खरे होते.

५.३.२ प्रकारसंकर का घडतो?

दोन किंवा अधिक कथाप्रकारांचे संकेत एकाच कलाकृतीत एकत्र येणे म्हणजे प्रकारसंकर. स्वस्त विज्ञानचित्रपटांत तो वारंवार आढळतो. याचे एक कारण व्यावहारिक आहे. जे नेपथ्य, जो पोशाख, जो नट हाताशी असेल त्यातूनच कथा बेतावी लागते. ‘रोबॉट मॉन्स्टर’ (१९५३) या चित्रपटातील आक्रमक परग्रहवासी म्हणजे गोरिलाचा केसाळ पोशाख आणि त्यावर शिरस्त्राण चढवलेला माणूस. जंगलपट आणि अंतराळपट येथे अक्षरशः एकाच देहावर शिवलेले दिसतात.

दुसरे कारण रसविचाराच्या आधारे समजून घेता येते. अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय हा आहे. परंतु विस्मय दीर्घकाळ टिकत नाही. चमत्कार एकदा पाहून झाला, की त्याला भय, करुणा, हास्य अशा दुसऱ्या भावाचा आधार लागतो. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने हास्याचे विरोधी रस म्हणून भयानक आणि करुण यांची गणना केली आहे. विक्षिप्त विज्ञानचित्रपट नेमके हेच विरोधी रस शेजारी आणून बसवतात. मोठे भांडवल गुंतलेला निर्माता असा धोका सहसा पत्करत नाही, कारण भ्यायचे की हसायचे याबद्दल प्रेक्षकाचा गोंधळ झाला तर त्याची गुंतवणूक बुडते. ज्याचे फारसे काही बुडायचे नाही, तो हा प्रयोग करू शकतो. अल्प खर्च आणि प्रकारसंकर यांचे नाते असे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) ‘बी’ चित्रपट म्हणजे काय?
आ) विश्वनाथाने हास्याचे विरोधी रस कोणते सांगितले आहेत?

५.३.३ संकेत : रंगभूमीवर आणि पडद्यावर

साधनांवाचून विश्व उभे करणे आपल्या परंपरेला नवे नाही. तमाशाच्या वगात पात्राने रंगमंचावर एक फेरी मारली, की ते एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचते. कोकणातील आणि गोव्यातील दशावतारात साधे बाकडे राजसिंहासन होते. नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागही याच तत्त्वावर आधारलेला आहे. नट रंगपीठाच्या एका भागातून दुसऱ्या भागात गेला, की स्थळ बदलले असे मानले जाते. येथे कोणीही ‘हे तर बाकडे आहे’ अशी तक्रार करत नाही, कारण बाकड्याला सिंहासन मानण्याचा करार प्रेक्षक आणि नट यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे.

चित्रपटाची अडचण इथेच सुरू होते. कॅमेरा समोरच्या वस्तूची साक्ष देतो. बाकडे पडद्यावर बाकडेच दिसते आणि पुठ्ठा पुठ्ठाच राहतो. पूर्वापार चालत आलेला करार येथे उपलब्ध नसतो. म्हणून ज्याच्याजवळ साधने नाहीत, त्या चित्रपटकाराला आपल्या चित्रपटापुरता नवा संकेत निर्माण करावा लागतो आणि तो शेवटपर्यंत पाळावा लागतो. आपण शोधत असलेला निकष हाच : साधनांच्या उणिवेचे संकेतात रूपांतर झाले आहे काय?

५.३.४ उणीव उणीवच राहते तेव्हा

एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा चित्रपट १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. परग्रहवासी पृथ्वीवरील मृतांना उठवतात, ही त्याची कथा. मानव लवकरच सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवणारे अस्त्र तयार करील, या भीतीने ते त्याला रोखू पाहतात. अणुयुगातील हा विचार उथळ नाही. परंतु एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र यांची सरमिसळ होते. प्रसिद्ध नट बेला लुगोसी यांचे १९५६ मध्ये निधन झाले. त्यांची आधी चित्रित केलेली मोजकी दृश्ये वापरण्यात आली आणि उरलेल्या दृश्यांत दुसराच मनुष्य झग्याने तोंड झाकून वावरला.

झग्याआड लपलेला चेहरा हा संकेत होऊ शकला असता. मृत माणूस परत येतो तो ‘तोच’ असतो काय, असा प्रश्न त्यातून उभा राहू शकला असता. चित्रपट मात्र तो चेहरा लुगोसी यांचाच आहे असे भासवू पाहतो, आणि फसतो. १९८० मध्ये एका पुस्तकाने या चित्रपटाला सर्वांत वाईट चित्रपट ठरवले व त्यामुळे त्याची कीर्ती वाढली. तो पाहताना आपल्याला भावतो तो वुड यांचा उत्साह. म्हणजे आपला जिव्हाळा कलाकृतीपेक्षा कर्त्याशी जडतो. हा जिव्हाळा खोटा नाही, पण तो कलाकृतीचा गुण म्हणून नोंदवता येत नाही.

५.३.५ उणिवेचा संकेत होतो तेव्हा

जॉन कार्पेंटर आणि डॅन ओ’बॅनन यांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेला ‘डार्क स्टार’ (१९७४) सुमारे ६० हजार डॉलरमध्ये पूर्ण झाला. अस्थिर ग्रह बाँबने उडवत वीस वर्षे अंतराळात भटकणारे चार कंटाळलेले खलाशी ही त्यातील पात्रे. यानावरील परग्रहीय प्राणी म्हणजे समुद्रकिनारी खेळायचा रंगवलेला फुगीर चेंडू आणि त्याला लावलेले पंजे. पण या यानात काहीच धड नाही. यंत्रे बिघडलेली आहेत, कप्तान मृत आहे, गोठवलेल्या अवस्थेत असलेल्या त्याच्याच मेंदूचा सल्ला घ्यावा लागतो. अशा जगात चेंडूसारखा प्राणी विसंगत वाटत नाही. यानातील दारिद्र्य हेच कथेचे वास्तव झालेले असते.

शेवटी एक बोलणारा बाँब आज्ञा ऐकेनासा होतो. त्याला थोपवण्यासाठी एक खलाशी त्याच्याशी तत्त्वचर्चा करतो : स्फोटाची आज्ञा खरोखरच मिळाली होती, हे तुला कशावरून कळले? बाँब क्षणभर थांबतो, मात्र पुढे त्याच युक्तिवादाने ‘फक्त मीच अस्तित्वात आहे’ या निष्कर्षाला पोहोचतो आणि फुटतो. प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी हादरतो. महागडे नेपथ्य या प्रसंगात काहीही भर घालू शकले नसते.

फ्रान्समधील दोन उदाहरणे याहून गंभीर आहेत. क्रिस मार्केर यांचा ‘ला जेते’ (१९६२) हा सुमारे २८ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या भूगर्भात अडकलेल्या एका कैद्याला त्याच्या स्मृतीच्या वाटेने भूतकाळात पाठवले जाते. स्मृती ही गोठलेल्या चित्रांचीच बनलेली असते. त्यामुळे स्थिर छायाचित्र हाच कालप्रवासाचा संकेत ठरतो. म्हणूनच झोपलेली स्त्री डोळे उघडते तो एकच हलता क्षण विलक्षण परिणाम करतो.

ज्याँ-ल्युक गोदार यांच्या ‘अल्फाव्हिल’ (१९६५) मध्ये भविष्यनगरीचे नेपथ्यच नाही. तत्कालीन पॅरिसमधील काचेच्या व काँक्रीटच्या इमारती रात्री चित्रित केल्या आहेत आणि परग्रहावर येणारा गुप्तहेर साध्या मोटारीतून येतो. या नगरीवर एका संगणकाची सत्ता असून तेथील शब्दकोशातून भावना व्यक्त करणारे शब्द एकेक करून काढून टाकले जातात. गुप्तहेरपट, विज्ञानपट आणि प्रेमकथा यांचा हा संकर आहे. भाषेच्या अभ्यासकाने यातील मर्म ध्यानात घ्यावे : नगरी परकी वाटते ती इमारतींमुळे नव्हे, भाषेतील रिकाम्या जागांमुळे. शब्द पुसण्यासाठी निर्मितिखर्च लागत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) ‘ला जेते’ मध्ये स्थिर छायाचित्रे कशाचा संकेत ठरतात?
आ) ‘अल्फाव्हिल’ मधील नगरी परकी का वाटते?

५.३.६ मालेगावचा सुपरमॅन : आपण कोणाला हसतो?

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथे नासिर शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकप्रिय चित्रपटांची स्थानिक विडंबने तयार केली. त्यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ च्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ (२०२४) हा कथापटही याच मंडळींवर आधारित आहे. कॅमेरा सरकवण्यासाठी सायकल आणि उंच उचलण्यासाठी बैलगाडी, अशी त्यांची साधने. नायक शरीराने किडकिडीत, यंत्रमागावर काम करणारा. त्याचा लढा शहरातील घाण आणि तंबाखूचे व्यसन यांच्याशी आहे.

येथे हसू येते, आणि ते यावे अशीच योजना आहे. अमेरिकन सुपरमॅनचे बळ आणि मालेगावच्या कामगाराचा देह यांतील अंतर हाच या विडंबनाचा संकेत आहे. निर्मात्यांना ते अंतर आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आपण त्यांच्याबरोबर हसलो, तर जगाला वाचवणारा नेहमी धिप्पाड आणि दूरदेशीचाच का असावा, हा प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यांना हसलो, तर तो प्रश्न निसटतो आणि उरतो केवळ सुस्थित प्रेक्षकाचा तोरा. म्हणून अशा चित्रपटाच्या मूल्यमापनात प्रेक्षकाच्या हसण्याचीही परीक्षा होत असते.

५.४ सारांश

विक्षिप्त, अल्प खर्चाच्या विज्ञानचित्रपटांचे आकर्षण केवळ टिंगलीतून किंवा गरिबीच्या कौतुकातून उलगडत नाही. साधने तुटपुंजी असल्याने प्रेक्षकाच्या कल्पनेला काम मिळते आणि विरोधी रस एकत्र आणण्याचे स्वातंत्र्य चित्रपटकाराला लाभते. मात्र टंचाई आपोआप गुण ठरत नाही. चित्रपटाने तिचे संकेतात रूपांतर केले आणि तो संकेत पाळला, तर पुठ्ठ्याचे यानही अर्थपूर्ण होते. उणीव केवळ लपवली, तर ती अधिकच उघडी पडते.

५.५ पारिभाषिक शब्द

प्रकारसंकर : एकाच कलाकृतीत भिन्न कथाप्रकारांचे संकेत एकत्र येणे.
संकेत : एखादी वस्तू वा कृती दुसऱ्या अर्थाने स्वीकारण्याचा कलावंत व प्रेक्षक यांच्यातील अलिखित करार.
कक्ष्याविभाग : रंगपीठाचे भाग कल्पून स्थळबदल सुचवण्याची नाट्यशास्त्रातील योजना.
विडंबन : मूळ कृतीचे अनुकरण करून तिच्यातील विसंगती हास्याद्वारे दाखवणे.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अ) एका तिकिटात दाखवल्या जाणाऱ्या दोन चित्रपटांपैकी मुख्य चित्रपटाच्या जोडीचा, कमी खर्चाचा चित्रपट. आ) भयानक आणि करुण.
२. अ) स्मृतीचा, म्हणजेच स्मृतीच्या वाटेने होणाऱ्या कालप्रवासाचा. आ) तेथील शब्दकोशातून भावना व्यक्त करणारे शब्द काढून टाकल्यामुळे.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘कॅमेरा समोरच्या वस्तूची साक्ष देतो’ या विधानाच्या आधारे रंगभूमी व चित्रपट यांतील संकेतांची तुलना करा.
२. ‘प्लॅन नाइन’ आणि ‘डार्क स्टार’ यांतील साधनांच्या उणिवेचे स्वरूप साधार स्पष्ट करा.
३. आपण पाहिलेला एखादा वग, दशावतारी खेळ किंवा अल्प खर्चाचा चित्रपट निवडा. त्यातील कोणती उणीव संकेत झाली आणि कोणती उणीवच राहिली, ते सोदाहरण लिहा.