केमो चालू असलेलं मूल आणि 'काउंट'चं गणित



कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलाचे आईबाबा शाळेत सांगतात, "काउंट कमी आलेत, थोडे दिवस पाठवत नाही." हे काउंट म्हणजे काय, ते आज समजून घेऊ. निगडीतलं मूल परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेत असो की इथेच, सीबीसी ही साधी रक्ततपासणी त्याला पुन्हा पुन्हा करावी लागते.

सीबीसीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी मोजतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जंतूंशी सर्वांत आधी लढतात. म्हणून नुसता एकूण आकडा पाहून चालत नाही. आपल्या शेकडेवारीचंच गणित बघा:

• पहिला रिपोर्ट: एकूण पेशी 2,000, न्यूट्रोफिल 20 टक्के = 400
• दुसरा रिपोर्ट: एकूण पेशी 1,600, न्यूट्रोफिल 70 टक्के = 1,120

एकूण पेशी पहिल्यात जास्त, पण धोकाही पहिल्यातच जास्त! एका मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल 500 च्या खाली गेले, की गंभीर संसर्गाची भीती खूप वाढते. बऱ्याच केमो औषधांनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत हा आकडा सर्वांत खाली येतो, मग हळूहळू वर चढतो.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्याही दिसतात. पण त्या अपक्व असतात, लढू शकत नाहीत. म्हणजे पटावर मुलं भरपूर, हजर कोणीच नाही! शिवाय सीबीसीतून सगळी प्रतिकारशक्ती कळत नाही. गरज वाटल्यास डॉक्टर लिम्फोसाइटचे प्रकार किंवा अँटिबॉडीची पातळीही तपासतात. रिपोर्टचा अर्थ त्यांनीच लावायचा.

मग आपण काय करायचं?

1. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर लगेच पालकांना फोन करा. न्यूट्रोफिल कमी असताना पू, सूज फारशी दिसत नाही. कधी कधी ताप हीच एकमेव खूण असते. स्वतःहून तापाची गोळी देऊ नका.
2. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी कळवा.
3. सर्दी-खोकला झालेल्या मुलांना घरीच ठेवा. हे इतर पालकांनी मनावर घ्यावं.
4. हात धुण्याची सवय सगळ्या वर्गाला लावा.

कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. त्या मुलापासून आपल्या मुलांना काहीच धोका नाही. जपायचं आहे ते त्याला, आपल्या सर्दी-तापापासून. म्हणून त्याला वेगळं बसवू नका. तो घरी असेल तेव्हा अभ्यास पाठवा, फोनवर वर्गमित्रांशी बोलणं करून द्या. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्याची जागा त्याला तशीच मिळू द्या.