ग्रंथालय बंद करायला ठराव लागत नाही

आमच्या नगरपरिषदेचं ग्रंथालय बंद करा, असं कुणीच कधी म्हटलं नाही. ग्रंथपाल निवृत्त झाले, पद रिकामंच राहिलं. किल्ली शिपायाकडे आली. मासिकं थांबली, मग संध्याकाळची वेळ गेली. पाचला कुलूप लागत असेल, तर नोकरी करणारा माणूस पुस्तक बदलणार कधी? पुढे सभेच्या विषयपत्रिकेवर आलं: वाचकसंख्या घटल्याने देवघेव विभाग बंद करून त्या जागी अभ्यासिका वाढवणे.

यात डाव आहे, तो आधी ओळखा. स्पर्धा परीक्षेची मुलं एका बाजूला, कादंबऱ्या नेणाऱ्या बायका आणि पेन्शनर दुसऱ्या बाजूला, आणि भांडण आपापसांत. म्हणून आम्ही निवेदन घेऊन प्रथम अभ्यासिकेतच गेलो. दार रात्री उघडं असावं, ही तर त्या मुलांचीही गरज होती. महागडे संदर्भग्रंथ त्यांनाही हवेच होते. मागण्या दोनच ठेवल्या: पद भरा, वेळ वाढवा. पहिल्या सह्या त्या मुलांच्या. नवमतदारांच्या सह्या नगरसेवक लक्षपूर्वक वाचतात!

वाचनसंस्कृतीवर भाषणं करू नका, सभागृहाला ती पाठ असतात. 1965च्या नगरपरिषद अधिनियमात दिवाबत्ती, सफाई ही आवश्यक कर्तव्यं आहेत, ग्रंथालय मात्र ऐच्छिक. त्यात आपल्या 1967च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही. शेजारच्या कर्नाटकात तो आहे. त्यामुळे काटकसरीची कात्री पहिली इथेच चालते. तिला उत्तर कागदानेच द्यावं लागतं. माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. गेल्या पाच वर्षांची तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि देवघेवीच्या नोंदी मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची. आमच्याकडे पुस्तकखरेदीची तरतूद दरवर्षी होत होती, खर्च मात्र होत नव्हता. या आकड्यांचा तक्ता सभेपूर्वी प्रत्येक नगरसेवकाच्या घरी पोचवला. 'पैसे नाहीत' हे कारण सभेत कुणी उच्चारलंच नाही.

देवघेव विभाग वाचला, वेळ वाढली. ग्रंथपाल अजून नाही, कंत्राटी माणसावर भागतंय. मासिकंही परतली नाहीत.

विभाग बंद करण्याचा ठराव झालाच, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांना करता येते, पण तो लांबचा रस्ता. अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येतं, तेव्हा हालचाल दिवाळी संपताच सुरू करा. आणि तुमच्या ग्रंथालयात ग्रंथपालाची खुर्ची आजच रिकामी असेल, तर दिवाळीचीही वाट पाहू नका.