या महिन्याचा पाठ : पोती हलवा म्हटलं, पण हलेनात!

(गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मध्येमध्ये थांबून बोलावं. शेवटी प्रश्न दिले आहेत.)

मैत्रिणींनो,

आपल्या काही ग्रामसंघांनी गोदाम चालवायला घेतलं आहे. काहींनी जुनी शाळाखोली किंवा समाजमंदिरामागची शेड भाड्याने घेऊन तिथं गटांच्या बायांचा माल ठेवायला सुरुवात केली आहे. माल आत घेणं सोपं असतं. पोती आली, मोजली, पावती फाडली, झालं. खरी परीक्षा असते ती माल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवायची वेळ येते तेव्हा. "हो, हलवते की" असं सगळ्याच म्हणतात, पण पोतं काही जागचं हलत नाही. आज त्याचाच पाठ करू. आधी एक गोष्ट ऐका. ती पाठासाठी रचलेली आहे, पण ऐकल्यावर तुमच्याच गावची वाटेल.

आत्याबाईंची साठ पोती

एका ग्रामसंघाच्या गोदामात तीन कप्पे होते. दाराजवळचा मोठा, त्यात २०० पोती मावतात. मधला आणि मागचा लहान, ८० पोत्यांचा. जानेवारीत तूर निघाली तेव्हा आत्याबाईंनी पन्नास-पन्नास किलोची ६० पोती आणून दाराजवळच्या मोठ्या कप्प्यात लावली. तेव्हा गोदाम रिकामंच होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

मार्चमध्ये हरभरा यायला लागला. सचिव ताई म्हणाली, "आत्याबाई, तुमची पोती मागच्या कप्प्यात घेऊया का? मोठा कप्पा हरभऱ्याला लागेल."

"बघू गं पोरी, चार दिवसांनी."

एप्रिलमध्ये परत विचारलं. "भाव वाढू दे, मग एकदमच विकून टाकते. कशाला दोनदा उचलायची?"

मे महिन्यात मोठ्या कप्प्यावरचा पत्रा सरकलेला दिसला. मृगाआधी दुरुस्ती हवी होती, पण खाली पोती असताना मिस्त्री वर चढायला तयार नव्हता. आत्याबाईंच्या घरी लग्न होतं. "लग्न होऊ दे, मग बघू."

लग्न झालं, आणि पाऊसही आला. वरच्या थरातली ९ पोती भिजली. साडेचार क्विंटल तूर. २०२४-२५ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ७,५५० रुपयांनी, तिची किंमत झाली ३३,९७५ रुपये. वाळवून काही घरच्या डाळीला लागली, काही पडत्या भावात गेली. बाकी नुकसान कुणाचं, यावर बैठकीत दोन तास भांडण.

सचिव म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं." आत्याबाई म्हणाल्या, "कागद दाखव." कागद नव्हता. सांगितलं होतं ते सगळं तोंडी, येता-जाता.

आणि मग त्या रडवेल्या आवाजात बोलल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. "दोन वर्षांमागं एका व्यापाऱ्याकडं माल ठेवला होता. त्यानं न विचारता पोती हलवली. नंतर वजनात घट निघाली. तवापासून ठरवलंय, एकदा लावलेलं पोतं डोळ्यादेखत विकंपर्यंत हलवायचं नाही."

म्हणजे तीन महिने आपण म्हणत होतो की आत्याबाई आळशी आहेत. त्या आळशी नव्हत्या, भ्यायल्या होत्या. आणि आपण कधी विचारलंच नव्हतं.

माणूस जागा का सोडत नाही?

"चालढकल" हा एकच शब्द आपण वापरतो, पण कारणं वेगवेगळी असतात. कारण ओळखलं तर उपाय सापडतो.

१. भीती : पोती अदलाबदल होतील, वजन घटेल. उपाय – तिच्यासमोर वजन, तिच्यासमोर खूण.

२. हमालीचा खर्च : दोनदा उचलायचं तर पैसे कोण देणार? उपाय – हे आधीच ठरवून ठेवायचं.

३. भावाची वाट : "आठ दिवसांत विकतेच" म्हणत चार महिने जातात. उपाय – तारीख लिहून घ्यायची. "आठ दिवस" ही तारीख नव्हे.

४. दाराजवळची सोय : गाडी लागते, काढायला सोपं जातं. उपाय – दाराजवळच्या जागेचं भाडं थोडं जास्त ठेवायचं.

५. थकलेलं भाडं : पोती हलवायला गेलं की हिशोब निघेल, म्हणून ती गोदामाकडे फिरकतच नाही. उपाय – हिशोब आणि हलवणं वेगळं ठेवायचं. "भाड्याचं नंतर बोलू ताई, आधी माल सुरक्षित करू" एवढं म्हटलं की बाई येते.

६. हलवायचं कशाला, हेच माहीत नसणं : आपण नुसतं "हलवा" म्हणतो. पत्रा गळतोय, कीड लागलीय, नवा माल येतोय, हे सांगतच नाही.

वजनाचं गणित समजून घ्या

वजन घटणं म्हणजे दर वेळी चोरीच असते असं नाही. धान्यातलं पाणी उडतं. १२ टक्के ओलाव्याची १०० किलो तूर घ्या. तिच्यात १२ किलो पाणी आणि ८८ किलो कोरडा दाणा. उन्हाळ्यात ओलावा १० टक्क्यांवर आला, तर तेच ८८ किलो आता एकूण वजनाच्या ९० टक्के झाले. ८८ ला ०.९० ने भागलं की ९७.७८ किलो. म्हणजे क्विंटलमागे सव्वादोन किलोच्या आसपास घट. आत्याबाईंच्या ३० क्विंटलवर ही घट साधारण ६६ किलो होते. एक दाणा चोरीला न जाता!

म्हणून माल आत घेताना फक्त वजन लिहू नका, ओलावाही लिहा. ओलावा मोजायचं यंत्र संघाने एकदा घेतलं की वर्षानुवर्षं भांडणं वाचतात. हलवतानाही दोन्ही मोजा. मग घट पाण्याची की आणखी कशाची, ते कागदच सांगेल.

रखडण्याची किंमत

समजा, पोत्याला महिन्याला ८ रुपये भाडं आहे. मोठ्या कप्प्यात ६० पोती पडून, १४० पोत्यांची जागा अडलेली. १४० गुणिले ८ म्हणजे महिन्याला १,१२० रुपये बुडाले. तीन महिन्यांचे ३,३६०. आता हमाली पोत्याला ६ रुपये धरली तर ६० पोती हलवायला ३६०. म्हणजे संघाने स्वतःच्या खिशातून हमाली भरली असती तरी पहिल्याच महिन्यात ७६० रुपये वाचले असते. हमालीवरून वाद घालत बसण्यापेक्षा कधी कधी ती देऊन टाकणं स्वस्त पडतं. तुमच्या गावचे दर टाकून हे गणित फळ्यावर करून बघा.

हलवायची पद्धत : सात पायऱ्या

पहिली – नियम आधी. माल आत घेतानाच पावतीच्या मागे लिहा : "दुरुस्ती, कीडनियंत्रण किंवा हंगामाच्या नियोजनासाठी कप्पा बदलावा लागेल. त्याची सूचना लेखी मिळेल." वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या.

दुसरी – हमाली कोणाची ते ठरवा. साधा न्याय : संघाच्या गरजेसाठी हलवलं तर संघाची, ठेवणाऱ्या बाईच्या सोयीसाठी हलवलं तर तिची.

तिसरी – तीन सूचना. महिनाभर आधी पहिली, पंधरा दिवस आधी दुसरी, सात दिवस आधी तिसरी. पहिली कागदावर, पोच घेऊन. फोन केला तरी वहीत तारीख लिहा. सूचनेत कारण, कुठल्या कप्प्यातून कुठल्या कप्प्यात, आणि दिवस, एवढं हवंच.

चौथी – घरी जाऊन विचारा. दुसऱ्या सूचनेनंतरही हालचाल नसेल तर दोघीजणी घरी जा. "कधी हलवताय?" असं नका विचारू. "काय अडचण आहे?" असं विचारा. आत्याबाईंची गोष्ट मार्चमध्येच कळली असती.

पाचवी – दोन दिवस सुचवा. "मंगळवारी की शुक्रवारी?" असं विचारलं की बाई एक निवडते. "सवडीनं या" म्हटलं की सवड कधीच होत नाही. लग्न, पेरणी, परीक्षा बघूनच दिवस सुचवा. लवकर हलवणारीला महिन्याच्या भाड्यात थोडी सूट दिली तरी चालते. पण सूट सगळ्यांना सारखी, नातं बघून नाही.

सहावी – हलवायच्या दिवशी मालकीण किंवा तिच्या घरचं माणूस आणि संघाच्या दोघी हजर हव्यात. पोती मोजा, वजन-ओलावा लिहा, पोत्यांवर गटाचं नाव आणि क्रमांक रंगवा. नव्या कप्प्यात खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दोन फूट अंतर. सोयाबीनचं बियाणं असेल तर थप्पी सात फुटांपेक्षा उंच नको, त्याचं टरफल नाजूक असतं. शेवटी दोन्ही बाजूंच्या सह्या आणि नवी पावती. जुनी पावती परत घ्या.

सातवी – तरीही नाहीच आली तर? विषय मासिक बैठकीत घ्या, ठराव लिहा, शेवटची तारीख द्या. त्यानंतर वाढीव भाडं लावायचं असेल तर ते पावतीवर आधीच लिहिलेलं असायला हवं. पत्रा गळतोय अशी घाई असेल तर पंचांसमोर, मोजून, फोटो काढून माल सुरक्षित जागी हलवा आणि त्याच दिवशी तिला कळवा. पण माल बाहेर ओसरीत काढून ठेवणं, किंवा दुसरीच्या मालात मिसळणं, हे कधीही नाही.

हे विसरू नका

आपल्याकडे ठेवलेला माल आपला नसतो. भारतीय करार कायदा, १८७२ सांगतो की दुसऱ्याचा माल सांभाळायला घेतला तर शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यावी लागते. म्हणून पत्रा गळतोय हे दिसल्यावर "तिनं हलवलं नाही" एवढं म्हणून आपण सुटत नाही.

तारण ठेवलेला माल वेगळा ओळखा. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून चालू आहे. बँकाही गोदाम पावतीवर कर्ज देतात. ज्या मालावर कर्ज आहे तो कर्ज देणाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय हलवायचा नाही, मालकीण हो म्हणाली तरी. अशा थप्पीवर लाल पाटी लावा.

कीड लागली म्हणून थप्पी हलवत असाल तर आधी थांबा. किडकी पोती चांगल्या कप्प्यात नेली की कीडही तिकडे जाते. आधी धुरी, मग हलवणं. धुरीच्या गोळ्यांचा वायू प्राणघातक असतो. ते काम परवानाधारक, प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. घरात, झोपायच्या खोलीत त्या गोळ्या कधीही ठेवू नका.

पुढं काय झालं?

त्या ग्रामसंघाने निम्मं नुकसान स्वतः सोसलं. निम्मं आत्याबाईंनी. कुणीच खूश नव्हतं, पण दोन्ही बाजूंनी चूक कबूल केली. पुढच्या हंगामात पावतीमागे नियम छापला, ओलावा मोजायचं यंत्र घेतलं. आणि हलवायच्या दिवशी वही धरून काट्याजवळ कोण बसलं होतं? आत्याबाईच. "माझ्यासमोर मोजलं की कुणाची तक्रार राहात न्हाई," म्हणाल्या. जी सगळ्यात जास्त संशय घेत होती, तिलाच काट्याजवळ बसवलं. बाकीच्यांची पोती त्या वर्षी वेळेत हलली.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गोदामात (किंवा गटाच्या सामायिक वस्तूंबाबत) कोण चालढकल करतं? त्यामागचं कारण आपण कधी विचारलं का?
२. आपल्या पावतीमागे काय लिहिलं आहे? आत्ता काढून वाचा.
३. हमाली कोणी द्यायची, हा ठराव झाला आहे का?
४. आत्याबाईंचं नुकसान तुम्ही कसं वाटलं असतं? का?

घरी करायचं काम : पुढच्या बैठकीपर्यंत गोदामाचा नकाशा एका कागदावर काढा. कोणत्या कप्प्यात कोणाची किती पोती, कधीपासून, तारण आहे की नाही, ते भरा. वरचा पत्राही बघून या. पावसाआधी.