औषधनिर्मितीच्या नोंदी आणि मुक्तस्रोत संगणकप्रणाली

एखाद्या द्रव्यातील भेसळ उशिरा उघडकीस आली, तर ते कोणत्या बॅचमध्ये पडले व ती कोणत्या रुग्णांना दिली, हे वैद्याला तत्काळ सांगता आले पाहिजे. वहीवरून हा शोध जिकिरीचा ठरतो. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत प्रणाली येथे उपयोगी पडते. तिला परवानाशुल्क नाही.

उदाहरणार्थ, त्रिफळा चूर्ण घ्यावे. ‘बिल ऑफ मटेरियल्स’मध्ये हरीतकी, बिभीतक व आमलकी समभाग नोंदवावीत, दळताना व चाळताना होणारी घट ‘प्रोसेस लॉस’मध्ये लिहावी. प्रत्येक द्रव्यास व चूर्णास बॅच क्रमांकाची सोय पहिली आवक नोंदविण्यापूर्वीच चालू करावी. साठ्याचे व्यवहार झाल्यावर ती बदलता येत नाही. विक्रीच्या बिलावर रुग्णाचे नाव व बॅच क्रमांक आल्यास साखळी पूर्ण होते.

द्रव्याचे उगमस्थान, संग्रहाचा ऋतू व परीक्षणाचा निष्कर्ष यांसाठी ‘कस्टमाइज फॉर्म’द्वारे नवे रकाने जोडता येतात, मूळ आज्ञावलीस हात लावावा लागत नाही.

तथापि, संगणक केवळ नोंद जपतो. द्रव्यपरीक्षा वैद्यानेच करावयाची असते, आणि नोंदींची नियमित दुसरी प्रत ठेवणे हीही त्याचीच जबाबदारी होय.