टाकीत पाणी ओतण्याआधी

पोरी, नव्या घरात फिशटँक मांडतेस हे ऐकून फार बरं वाटलं. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकी म्हणजे साधारण ५५ लिटर पाणी. याहून लहान घेऊ नकोस, थोडं पाणी लवकर बिघडतं. मासे कोणते, दिवा कुठला, खाली वाळू की खडे, हे तू दुकानात ठरवशीलच. पाण्याचं मात्र दुकानात कुणी नीट सांगत नाही. ते माझ्याकडून ऐक.

तुझ्या आजोळी, पेठेत, नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या धरणांत सह्याद्रीवरचा पाऊस साठतो. जमिनीत फारसं न मुरता आलेलं पाणी ते, म्हणून हलकं. त्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर धरला तर आकडा बहुतेकदा दीडशेच्या आत राहतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येतं, तेही असंच हलकं. अशा पाण्याला आरओ लागत नाही. क्लोरीन घालवला की झालं. लोक उगाच मशीन बसवतात आणि चांगलं पाणी कमकुवत करून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुझी गोष्ट वेगळी आहे. वाघोलीला तुमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांत मुरून राहिलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊनच वर येतं. नळाच्या तोटीवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे डाग धरतात ते त्याचेच. टँकरचा तर आज एका विहिरीचा फेरा, उद्या दुसऱ्या. म्हणून मासे आणायच्या आधी टीडीएस मीटर घे. पेनाएवढा असतो, काहीशे रुपयांत मिळतो. आठवडाभर रोज सकाळी नळाचं पाणी तपासून आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिही. आकडा मोठा असला तरी घाबरू नकोस. तो रोज किती खाली-वर होतो, तिकडे लक्ष दे. मासा जड पाण्यालाही सरावतो, हलक्यालाही सरावतो. सोमवारी तीनशे आणि गुरुवारी नऊशे, हे त्याला झेपत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सारखं आत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते सारखी बाहेर टाकत असतात. बाहेरचे क्षार एकदम घटले की हे काम एकाएकी वाढतं. मासा लगेच मरत नाही, तो कोपऱ्यात जाऊन बसतो, खात नाही, आणि चार दिवसांनी अंगावर बुरशी किंवा पांढरे ठिपके दिसायला लागतात. मग आपण औषध शोधत फिरतो.

मीटर विरघळलेले क्षार किती ते सांगतो, कुठले ते सांगत नाही. क्लोरीन आणि अमोनिया तर त्याला कळतच नाहीत. त्यासाठी थेंबांची किट मिळतात. पैसे जपून खर्च करायचे असतील तर अमोनिया आणि केएच, ही दोन आधी घे. केएच म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा. त्याचं महत्त्व पुढे सांगतो.

आधी क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, असं भारतीय मानक आहे. आपल्या पोटाला तो चालतो, माशाच्या कल्ल्यांना भाजतो, आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी भर, एअर पंपाची नळी सोड आणि एक दिवस तसंच ठेव. साधा क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, तो असा उडत नाही. घाईच्या वेळेसाठी अँटी-क्लोरीनची बाटली घरात असू दे. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे तेच. त्याचे खडे मिळाले तर १०० लिटरला १ ग्रॅम नेहमीच्या क्लोरीनला पुरून उरतो.

नळाला पालिकेचं पाणी येत असेल तिथे पावसाळ्याचे पहिले आठवडे जपायचे. नदीचं पाणी गढूळ आलं की शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची मात्रा वाढते, नळ उघडला की वास येतो. सोसायटीची टाकी धुतली असेल तो दिवस त्याहून वाईट, कारण धुणारे ब्लिचिंग पावडर सढळ हाताने टाकतात. वॉचमनला सांगून ठेव, टाकी धुवायची तारीख तुला आधी कळायला हवी. शंका आली तर ओटी टेस्ट कर. गावोगावचे जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकल्यावर विहिरीचं पाणी तपासतात ना, तीच. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. ते तपासलेलं पाणी मोरीत ओतून नळी धुऊन टाक, टाकीत परत ओतू नकोस. ते द्रावण विषारी असतं.

आता आरओ. बोअरचा आकडा आठशे-हजार असेल तर तुला आरओ लागणारच, आणि स्वयंपाकघरातलं मशीन त्याला पुरतं. एक बघ, घरगुती मशीनमध्ये चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा एक छोटा स्क्रू असतो, शिवाय मिनरलचं कार्ट्रिज असतं. त्यामुळे तोटीतून येणारं पाणी आज साठ, महिन्याने दीडशे असं दाखवू शकतं. सर्व्हिसला माणूस येईल तेव्हा मेम्ब्रेनच्या लगेच पुढून, कार्ट्रिजच्या आधी एक वेगळी नळी काढून घे, माशांसाठी तीच वापर. मेम्ब्रेन नवीन बसवला की मशीनच्या पहिल्या दोन-तीन टाक्या भरून सोडून दे. आणि मशीन रात्रभर बंद असलं की सकाळचं पहिलं पाणी नेहमीपेक्षा जड येतं, तेवढं भांडी घासायला घे.

बादलीभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन बादल्या पाणी वाया जातं. तुम्ही टँकर विकत घेता, त्यामुळे हे मोरीत सोडवत नाही. फरशी पुसायला, संडासात टाकायला, गाडी धुवायला साठव. कुंड्यांना रोज घालू नकोस, मातीत क्षार साठतात.

नुसतं आरओचं पाणी टाकीत भरू नकोस. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण मासे मरण्याचं हे मोठं आणि न दिसणारं कारण आहे. मासे जे टाकतात त्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातल्या बायकार्बोनेटला खाऊन टाकतं. आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतंच. मग पीएच घसरत जातो. सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठायला लागतो. फसवणूक इथेच होते. आम्लयुक्त पाण्यात तो अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा त्रास कमी, म्हणून मासे बरे दिसतात. मग कुणीतरी स्वच्छता म्हणून अर्धी टाकी नळाच्या जड पाण्याने भरतं. पीएच एकदम चढतो, अमोनियम परत विषारी अमोनिया होतो, आणि संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. लोक म्हणतात पाणी बदललं म्हणून मासे मेले. खरं तर बिघाड महिनाभर आधी झालेला असतो. तुझ्याकडे असं कधी झालं तर एकदम बदलू नकोस, रोज एक तांब्या करत आठवड्याभरात पाणी वळणावर आण.

म्हणून मिश्रण कर. समज तुझं बोअरचं पाणी ८०० आहे आणि आरओचं ४०. निम्मं-निम्मं मिसळलंस तर ४२० होईल. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ घेतलंस तर २३०. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं, त्यांना निम्मं-निम्मं छान. टेट्रा, एंजल यांना दुसरं मिश्रण द्यायचं. बोअरच्या त्या पाव हिश्श्यातूनच केएच येतो, त्यामुळे वेगळे क्षार विकत आणायला नकोत. तरीही केएच कमी भरला तर खायचा सोडा आहे, ५० लिटरला दीड ग्रॅमने केएच एका अंशाने चढतो. थेट टाकीत टाकायचा नाही, बादलीतल्या पाण्यात विरघळवून घ्यायचा. मॉलीच्या टाकीत कोकणातले धुऊन उकळलेले शिंपले फिल्टरमध्ये टाकले तरी काम होतं, ते हळूहळू झिजतात.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, दोन-तीन बोटं पातळी खाली जाते. ही घट भरताना मिश्रण घालायचं नाही, नुसतं आरओचं घालायचं. वाफ होताना फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात. कूलरच्या जाळीवर मे महिन्यात पांढरा थर चढतो, तेच टाकीत होत असतं, फक्त दिसत नाही. घट बोअरच्या पाण्याने भरत राहिलीस तर ४२० ची टाकी बघता बघता ७०० वर जाते आणि नवा आणलेला मासाच तेवढा मरतो, जुने सरावलेले असतात. पाणी बदलताना मात्र मिश्रणच. दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे चौदा लिटरच्या आसपास, पुरे.

आरओ बंद पडला तर पाण्याचा जार आण, पण त्याचाही आकडा तपास, प्रत्येक प्लांटचं पाणी निराळं असतं. आणि थंड जार ओतू नकोस. हात घालून टाकीइतकं कोमट वाटेपर्यंत बादलीत राहू दे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी शुद्ध वाटतं, पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीवरून येतं, कोळंबी आणि गोगलगायींना तांबं अजिबात सोसत नाही. त्याच कारणाने तांब्याच्या हंड्यात माशांचं पाणी भरून ठेवायचं नाही. बॅटरीचं पाणी नको. तुरटी फिरवू नकोस, ती बायकार्बोनेट खाते. सोसायटीने सॉफ्टनर बसवला असेल तर फसू नकोस, तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, टीडीएस तेवढाच राहतो. पावसाचं पाणी मात्र सुंदर. पहिले दोन-चार मोठे पाऊस गच्ची धुऊन जाऊ देत, मग उघड्यावर स्वच्छ टब ठेव आणि आरओसारखंच मिसळून वापर.

मासे दुकानातून आणशील तेव्हा पिशवीतल्या पाण्यातही मीटर बुडव. तुझ्या टाकीपासून शंभरच्या आत फरक असेल तर पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवून सोडलेस तरी चालतील. जास्त असेल तर मासे बादलीत काढ, एअरची बारीक नळी टाकीतून आणून तिला सैल गाठ मार आणि थेंब थेंब पाणी पडू दे. तास-दीड तास लागेल, लागू दे. दुकानातलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

माशांची बादली, नळी आणि मग वेगळे ठेव, त्यांना साबण लागता कामा नये. कामवाल्या मावशींनाही सांगून ठेव.

आठवडाभराचे आकडे आणि केएच मला फोनवर कळव, मासे कोणते ठरवलेस तेही सांग. त्यावरून तुझं बोअर-आरओचं प्रमाण बसवून देतो. तोवर टाकीत पाणी भरून फिल्टर चालू ठेव, मासे अजून सोडू नकोस.