जुन्या सॅटेलाइट फोनचा छंद: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

जुना इरिडियम किंवा थुराया फोन परदेशी बाजारात स्वस्तात दिसला, तरी तो भारतात मागवू नका आणि येणाऱ्या पाहुण्याकरवीही आणवू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा फोन नुसता जवळ बाळगणं हाही आपल्याकडे गुन्हा आहे. २६/११च्या हल्लेखोरांनी सोडून दिलेल्या ‘कुबेर’ नौकेवर थुराया फोन सापडला होता. त्यामुळे या कडकपणाचं कारण मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी महिलेला ताब्यात घेतलं, तेव्हा तिच्याजवळ सॅटेलाइट फोनही नव्हता. गिर्यारोहक वापरतात तसलं, उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र होतं. जप्ती, वकील आणि कोर्टाच्या तारखा कुठल्याच छंदाला परवडत नाहीत. हॅम रेडिओचा परवाना असला, तरी तो या फोनला चालत नाही.

जिथे बंदी नाही अशा देशात राहणाऱ्या मराठी हौशींचं गणित वेगळं आहे. १९९८ मध्ये इरिडियम सुरू झालं तेव्हा हँडसेटची किंमत सुमारे ३,००० डॉलर होती. वर्षभरात कंपनी दिवाळखोरीत गेली आणि अब्जावधी डॉलरची ती यंत्रणा पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकली गेली. आज जुना सेट त्या मानाने किरकोळ भावात मिळतो. खरा पैसा जातो तो टॉकटाइमवर आणि नव्या बॅटरीवर. घेण्याआधी त्या सेटचं नेटवर्क अजून जिवंत आहे का, ते बघा. इन्मारसॅटची ए सेवा २००७ मध्ये, तर बी आणि मिनी-एम सेवा २०१६च्या अखेरीस बंद झाल्या. थुराया-३ उपग्रह एप्रिल २०२४ मध्ये निकामी झाला, त्यामुळे ऑस्ट्रेलियासारख्या भागात ते फोन मुके झाले. असा सेट फक्त कपाटात मांडण्यापुरता उरतो.

मग भारतात राहून काय करता येईल? फक्त ऐकण्याच्या बाजूने जा. खरी मजा तिथेच आहे, असं माझं ठाम मत आहे. इन्मारसॅट उपग्रहांवरून जहाजांसाठी वादळाचे इशारे आणि सागरी सूचना प्रसारित होतात. उत्तर हिंदी महासागराच्या ज्या विभागात आपण येतो, त्याच्या नौकानयन सूचनांचं समन्वयन भारताकडेच आहे. हे संदेश समुद्रावरच्या प्रत्येकासाठी असतात. दुसऱ्याचे खासगी कॉल किंवा संदेश मात्र पकडू नका, तो कायद्याचा भंग आहे.

यासाठी लागणाऱ्या यूएसबी एसडीआर डोंगलला, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरला, साधारण साडेतीन ते पाच हजार रुपये पडतात. १,५२५ ते १,५५९ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात बसतो का आणि अँटेनाला केबलमधून वीज देण्याची सोय त्यात आहे का, हे विचारूनच घ्या. गाडीची जुनी जीपीएस अँटेना काहीशे रुपयांत मिळते आणि सुरुवातीला ती चालून जाते. तिच्या आतला फिल्टर अरुंद असेल, तर मात्र काहीच ऐकू येणार नाही. मग हेलिकल अँटेना घरी वळा: सव्वासहा सेंटिमीटर व्यासाची तांब्याच्या तारेची वेटोळी, दोन वेढ्यांत पाच सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी अंतर, आणि पाठीमागे पत्रा. तार, पीव्हीसी पाइप आणि कनेक्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पाचशे रुपयांत होतात. अडगळीतली डीटीएच डिश वापरणार असाल, तर तिच्यापुढची वेटोळी उलट्या दिशेने वळा, कारण डिशवर आपटून लहरींची फिरकी उलटते. मुंबईहून अँटेना दक्षिणेपेक्षा थोडी पश्चिमेकडे, क्षितिजापासून पासष्ट अंशांवर धरावी लागते. फिल्टरसह अॅम्प्लिफायरला आणखी चार-पाच हजार लागतात. संदेश उलगडणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

मुंबईच्या दारूखाना भागात किंवा अलंगला, जहाजतोडणीच्या बाजारात, जहाजावरच्या सॅटेलाइट अँटेनाचा पांढरा घुमट दिसला, तर मोहात पडू नका. त्याच्या पोटात ट्रान्समीटर असतो. रिकामी डिश, केबल, स्टँड एवढंच उचला.

पुढे प्रक्षेपणही करायचं मनात असेल, तर हॅमची परीक्षा द्या. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते आणि फी फारशी नाही. पण सगळं सामान एकदम घेऊ नका. आधी डोंगल आणि जुनी अँटेना एवढंच आणा, गच्चीवर ते लावून पाहा, आणि सिग्नल दिसायला लागल्यावरच अॅम्प्लिफायरचे पैसे मोजा.