जुन्या गाडीचे टायर

आमच्या हुपरीत, जेथे घराघरांतून चांदीचे पैंजण घडतात आणि हातात आलेला प्रत्येक जिन्नस पारखून घेण्याची सवय लहानपणापासून अंगवळणी पडते, तेथील जाणती माणसेही मोटारगाडीच्या टायरविषयी मात्र, काळे रबर ते काळे रबर, मिळेल तेथून आणावे आणि चढवून मोकळे व्हावे, अशाच समजुतीने वागताना दिसतात. आणि ज्या ठेंगण्या, वेगवान, दोन आसनांच्या जुन्या गाडीचा सारा तोल रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार जागांवर विसंबून असतो, तिच्या बाबतीत ही समजूत प्राणांवर बेतू शकते, हे स्वतः अनुभवलेले असल्यामुळे हा मजकूर लिहिण्यास मी प्रवृत्त झालो आहे.

माझी गाडी एमजीबी, म्हणजे इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडलेल्या मालिकेतील एक. तिचे इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे, आणि सुस्थितीत असता ती ताशी १६० किलोमीटरचा वेग सहज गाठते. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असण्याच्या काळात अशा गाड्या आपल्याकडे बहुधा वकिलातींतील अधिकाऱ्यांबरोबर येत आणि पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत हस्तांतरित होत. मजकडे ती आली मुंबईच्या एका गृहस्थांकडून, आणि दस्तऐवजांइतकेच कौतुक त्यांनी टायरांचे केले. कारण गाडी फारशी चाललेली नसल्यामुळे टायरांची नक्षी खोल होती आणि त्यांवरचे रबराचे बारीक केससुद्धा झडलेले नव्हते.

निपाणीहून कागलकडे येताना, राष्ट्रीय महामार्गावर, गाडीच्या मागील बाजूस प्रथम एक संथ ठोका जाणवू लागला. रस्ताच उखडलेला असावा असे वाटले, परंतु रस्ता बदलला तरी ठोका थांबेना, आणि वेग कमी करीत मी कडेला येतो न येतो तोच मागच्या डाव्या टायरवरची नक्षीची पट्टी खालच्या पोलादी तारांच्या पट्ट्यापासून सुटून मडगार्डवर आदळू लागली. टायरमधील हवा तशीच होती. फुटला तो टायर नव्हे, त्याचे थर एकमेकांपासून विलग झाले होते. वाकून पाहिले तेव्हा नक्षीच्या खाचांच्या तळाशी नखाच्या टोकाला लागतील अशा भेगा दिसल्या, आणि कडेवर, डीओटी या अक्षरांच्या पुढे, तीनच आकडे आढळले. डिकीतील पाचवा टायरही त्याच खेपेचा निघाल्यामुळे तो चढविण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि गाडी दुसऱ्या वाहनावर लादून हुपरीस आणावी लागली.

ते तीन आकडे काय सांगत होते, हे प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकास ठाऊक असावे. इ. स. २००० पासून टायरच्या कडेवर चार आकडे छापले जातात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे ०८१९ असे असल्यास २०१९ सालातील आठवा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर गेल्या शतकातला, हे निःसंशय समजावे. रबर वापराने झिजते तसे नुसत्या काळानेही वठते; हवेतील प्राणवायू व ओझोन, आणि पत्र्याच्या शेडमधील उन्हाळा, यांचा परिणाम उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवरही अखंड होतच असतो. म्हणून पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शिल्लक असो, सक्तीने बदल, अशी शिफारस कित्येक टायर कारखानदारच करतात. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरेशी मानली आहे हे खरे; परंतु आमच्याकडे चांदीचा टंच जसा चकाकीवरून ठरत नाही, तसे टायरचे आयुष्य नक्षीवरून ठरत नाही, आणि क्वचित चालणाऱ्या जुन्या गाड्यांना तर धोका झिजेचा नसून वयाचाच अधिक असतो.

नव्या टायरांच्या शोधात निघालो तेव्हा ध्यानात आले की गाडीचे नाव सांगून काही साधत नाही. एमजी म्हटले की हल्ली दुकानदाराच्या डोळ्यांपुढे हालोलच्या कारखान्यातील नव्या गाड्या येतात, आणि संगणकातील यादीत १९६० च्या दशकाला जागाच नसते. तेव्हा मापाने विचारावे. परंतु जुने माप आजच्या मापात उतरविणे हेच या कामातील खरे कसब आहे. एमजीबीला आरंभी ५.६०-१४ या मापाचे, आपल्याकडे ज्यांना सरसकट नायलॉन म्हणतात त्या जातीचे टायर असत. पुढे १५५ किंवा १६५ रुंदीचे रेडियल आले. जुन्या रेडियलवर रुंदीपुढे उंचीचा आकडा नसे. तो नसेल तेथे उंची रुंदीच्या ८० ते ८२ टक्के आहे असे धरावयाचे. त्या हिशेबाने १६५/८० आर १४ हा टायर सुमारे ६२० मिलिमीटर व्यासाचा भरतो, १८५/७० आर १४ सुमारे ६१५ मिलिमीटर, आणि दुकानातून आग्रहाने पुढे केला जाणारा १७५/६५ आर १४ मात्र अवघा ५८३. हा तिसरा रिमवर बसतो, दिसावयासही ऐटबाज दिसतो. पण त्याने गाडी आधीच ठेंगणी असता आणखी बसते, इंजिनाचे फेरे वाढतात, आणि वेगदर्शक काटा सुमारे सहा टक्के खोटे बोलू लागतो.

रुंद टायराचा मोह तर विशेषच आवरावा. एमजीबीच्या आऱ्यांच्या चाकांचे रिम साडेचार इंच रुंदीचे असतात, सुकाणूला यंत्राची मदत नसते, आणि मागील मडगार्ड व टायर यांमधील अंतर इतके बेताचे असते की रुंद टायर भर वळणावर पत्र्याला घासू शकतो. १८५ चे टायर कित्येकजण वापरतात आणि ते सोसतातही. परंतु मापकाने अंतर मोजल्यावाचून ते चढवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि येथेच एक आनंदाची गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ धर्तीचे टायर युरोपात आजही बनतात, परंतु जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याखाली गेल्यामुळे एका संचासाठी तो खटाटोप सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा झाला आहे. असे असता ज्या मापासाठी मी परदेशी पत्रव्यवहाराची तजवीज करीत होतो, ते १६५/८० आर १४ हे माप मारुतीच्या स्विफ्ट व डिझायर या गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांना लागत असल्यामुळे कोल्हापुरातील कोणत्याही बऱ्या दुकानात ताज्या तारखेचे मिळते. त्यावरील ८५ हा भारांक म्हणजे दर टायरमागे ५१५ किलो, आणि टी या अक्षराची वेगमर्यादा ताशी १९० किलोमीटर. टनाच्या आतबाहेर वजन असलेल्या एमजीबीला ही दोन्ही पुरून उरतात. नाव मोठे नाही, पण गाडीला हवे ते सर्व त्यात आहे.

नायलॉन आणि रेडियल यांची सरमिसळ मात्र करू नये. एकाच आसावर तर कदापि नाही. पाचही टायर एकाच जातीचे, शक्यतो एकाच खेपेचे घ्यावेत.

आता चढविण्याविषयी. आजचे टायर ट्यूबलेस असतात, पण आऱ्यांच्या रिममधून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब घालावीच लागते, आणि ती रेडियलसाठी बनविलेली, नेमक्या मापाचीच असावी. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या पोटातील कागदी चिठ्ठ्या खरवडून काढाव्यात, हात फिरवून आतल्या उंचवट्यांची खातरजमा करावी, कारण उष्णतेने फुगलेली ट्यूब त्याच उंचवट्यांवर घासून भोक पाडून घेते. रिमच्या आतील बाजूस आऱ्यांची जी टोके वर आलेली असतात ती कानशीने घासून सपाट करावीत व त्यांवर रिमटेप नवीन घालावी. हे काम पंक्चरवाल्याच्या शेजारी उभे राहून करवून घ्यावे. त्याच्याकडे कसब नसते असे नव्हे, अशी चाके त्याच्या हाताखालून जात नाहीत एवढेच.

चाक बसते ते मधोमध असलेल्या एकाच मोठ्या नटाने. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आट्यांची दिशा निरनिराळी असते, आणि सोडण्याची दिशा दाखविणारा बाण बहुधा नटावरच कोरलेला असतो. तो न पाहता हातोडा चालविला की नट सुटण्याऐवजी अधिकच आवळला जातो. हातोडा तांब्याच्या तोंडाचा असावा, आणि आतील दात्यांना पातळ ग्रीस लावल्यावाचून चाक चढवू नये.

गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म किंवा अन्य कोणतीही बंद पडलेल्या जातीची दोन आसनी गाडी ज्यांच्याकडे असेल, त्यांनीही हाच क्रम पाळावा: प्रथम व्यास, मग रिमची रुंदी, मग भार व वेग, आणि पैसे मोजण्यापूर्वी तारीख.

हवेचा दाब पेट्रोलपंपावरील मुलाच्या अंदाजावर सोडू नये. तो चारही चाकांत एकसारखी ३२ पौंडांची हवा भरून देतो. एमजीबीच्या पुस्तिकेत रेडियलसाठी पुढे २१ व मागे २४ पौंड सांगितले आहेत. आजच्या टायरसाठी दोन-चार पौंड वाढवावेत, पण पुढच्या-मागच्यांतील फरक तसाच राखावा, आणि दाब सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, स्वतःच्या मापकाने पाहावा. आमच्याकडे गळिताच्या हंगामात रस्त्यांवर उसाची चिपाडे आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून गळालेले खिळे-पत्रे पडलेले असतात, म्हणून त्या दिवसांत दाबाबरोबर नक्षीच्या खाचाही रोज पाहाव्यात. नव्या टायरवर शेदोनशे किलोमीटर झाल्यावर मधला नट पुन्हा आवळावा, आणि तेवढ्यात सुकाणू एका बाजूस ओढू लागले असल्यास अलाइनमेंट करून घ्यावी.